काचघरातली दुपार

९ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. परवा फोनवर मी "तळं" म्हणालो, तू "टाळं" ऐकलंस, आणि पाच मिनिटं आपण दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर ओरडून बोलत होतो. तुझं कानाचं यंत्र आणि माझा घसा यांचा विचार करता पत्रच बरं.

मोठ्या बागेला यंदा सव्वाशे वर्षं होतात. उद्यान समिती स्मरणिका काढते आहे आणि ती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासली आणि जन्म बागेच्या क्वार्टरमधला, एवढ्या दोन गोष्टींवर मी इतिहासकार झालो.

कागदांवरून बरंच सापडलं. बागेच्या जागी आधी दगडाची खाण होती आणि तळं म्हणजे त्या खाणीचा खड्डा. बँडचा चौथरा एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बायकोच्या आठवणीसाठी बांधून दिला. पण कागदात नसलेलं तुलाच ठाऊक. आपण क्वार्टर सोडलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तू चौदाची. कारंज्यावरच्या घागरवालीच्या पुतळ्याचं नाक कसं तुटलं? सूर्यघड्याळ आधी कुठे होतं? काचघर आतून कसं होतं? आज तिथे तिकिटांची खोली आहे आणि बाकी अर्ध्यात मोडके बाक ठेवतात.

आणखी एक. काचघराचं लिहायचं तर बाबांचा उल्लेख टाळता येणार नाही. मी वाक्य करून ठेवलं आहे: "तत्कालीन हेडमाळ्याच्या हलगर्जीपणामुळे सत्तर वर्षांचा नेच्यांचा संग्रह एका दुपारी नष्ट झाला." बापाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको. तुला अचानक छापलेलं दिसू नये म्हणून आधीच कळवतो.

तुझा
धाकटा


२० जानेवारी

प्रिय खारू,

साठीला टेकलेल्या माणसाला खार म्हणू नये, कळतं मला. पण बागेतल्या प्रत्येक झाडावर तू चढायचास आणि उतरवायला मी यायचे, तेव्हा हा हक्क मी सोडणार नाही.

घागरवालीचं नाक वादळात तुटलं असं सगळे सांगतात. वादळबिदळ काही नाही. चुना लावायला आलेला रंगारी शिडी खांद्यावर घेऊन गर्रकन वळला आणि शिडीचं टोक बाईला लागलं. नाक कारंज्यात पडलं. बाबांनी बाह्या सरसावून ते शोधून काढलं आणि चिकटवलं. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी कावळा बसला आणि गेलं. रंगाऱ्याने बागेच्या साहेबांना वादळाचं सांगितलं, साहेबांनी वर तसंच लिहून पाठवलं, झाला इतिहास.

सूर्यघड्याळ मोठ्या फाटकाच्या आत डाव्या हाताला होतं. रस्ता रुंद करायला फाटक मागे घेतलं तेव्हा ते उचलून निलगिरीच्या रांगेपाशी नेऊन बसवलं. तिथे तीन वाजले की सावली येते. बाबा म्हणायचे, आता हेही ऑफिसातल्यांसारखं तीनलाच घरी जातं.

आपल्या दोन खोल्या रोपवाटिकेच्या मागे होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काचघर दिसायचं. आई म्हणायची, माझी सवत बघा कशी उन्हात चमकतेय. सवत म्हणण्यासारखंच होतं ते. बाबा आत शिरताना चपला बाहेर काढायचे, आत मोठ्याने बोलू द्यायचे नाहीत. ओल्या मातीचा वास, टांगलेल्या टोपल्यांमधून खाली आलेले नेचे, आणि मधोमध तो झाडाएवढा नेचा, ज्याचा शेंडा छताच्या काचेला टेकायला आला होता. त्याची कोवळी पानं गोगलगायीसारखी गुंडाळलेली असायची. तू विचारायचास, हे कधी उघडणार, आणि बाबा म्हणायचे, त्याला घाई नाही, तुलाच आहे.

हे सगळं घाल. ते वाक्य मात्र नको घालूस. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाला हलगर्जी म्हणून आता कुणाचं भलं होणार आहे? काचघर होतं, आता नाही, एवढं पुरे.

गुडघ्याचं तेच चाललंय. नात पत्र टाकायला निघालीय, म्हणून थांबते.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नाकाचा किस्सा समितीत वाचून दाखवला. अध्यक्षांना हसू आलं, पण "वादळच ठेवा" म्हणाले.

वाक्याबद्दल तू म्हणतेस ते मला पटत नाही. तुझं लग्न लवकर झालं, तू गावाबाहेर गेलीस. मी राहिलो. शाळेत पोरं मला "झिंगलेल्या माळ्याचा" म्हणायची. बाबांची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. मग रंगाच्या कारखान्यावरच्या त्या दोन खोल्या, खालून येणारी वाफ, आईची छाती. दोन वर्षांत आई गेली. बाबा वखारीत लाकडं रचत राहिले आणि एका शब्दाने कधी त्या दुपारबद्दल बोलले नाहीत. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. उगीच गोड कशाला लिहू?

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपते आहे. पालिकेच्या जुन्या दप्तरात मला चौकशीचे कागद मिळाले. बाबांची जबानी पाच ओळींची आहे: साडेनऊपासून दोनपर्यंत अवजारांच्या खोलीत मला झोप लागली होती, त्यामुळे काचघराच्या छताच्या झडपा उघडायच्या राहिल्या. खाली त्यांची सही, अगदी वळणदार. त्याच गठ्ठ्यात बँडमधल्या ढोलवाल्याची जबानी आहे. तो म्हणतो, बाराच्या सुमारास हेडमाळी गुलाबाच्या वाफ्यात कलमं बांधत होता, मी स्वतः पाहिलं.

दोन्ही खरं असू शकत नाही. चौकशीवाल्यांनी त्याकडे लक्ष दिलेलं नाही. अपराधी कबूल करतो आहे म्हटल्यावर कोण कशाला देईल? पण मी आयुष्यभर हेच काम केलं. पान चारवर एक आणि पान सातवर दुसरं असं दिसलं की मला पुढे जाता येत नाही. तुला काही आठवतं का?

धाकटा


१४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

ढोलवाल्याला दूरचं दिसत नसे. भर पावसाळ्यात तो तळ्याला मैदान समजून एकदा आत उतरला होता. त्याच्या सांगण्यावर काय जातोस?

बाबांनी सही केली, विषय संपला. बावन्न वर्षांनी जुनी मढी उकरू नयेत. स्मरणिकेत गुलाबांचं लिही, बँडचं लिही. लोकांना तेच आवडतं.

इथे थंडी अजून आहे. पत्र लहान झालं, राग मानू नकोस.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र लहान होतं म्हणून राग नाही, नवल वाटलं. तू पोस्टकार्डाच्या कडेनेसुद्धा लिहिणारी.

ढोलवाल्याची जबानी पुन्हा वाचली. पहिल्या वेळी मागचं पान चिकटलेलं होतं. त्यावर आहे: "त्या वेळी आमची तालीम चालली होती. हेडमाळ्याची मोठी मुलगी चौथऱ्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती दहापासून तिथेच होती."

म्हणजे तू तिथे होतीस. चौथऱ्यावरून गुलाबाचे वाफे समोर दिसतात, मी काल जाऊन बघून आलो. तेव्हा तूच सांगू शकतेस. मला वाटतं ते असं: बाबा जागे होते, शुद्धीत नव्हते. ढोलवाल्याने मित्र म्हणून सांभाळून घेतलं आणि "प्यायलो होतो" म्हणण्यापेक्षा "झोपलो होतो" म्हणणं बाबांना बरं वाटलं. तसं असेल तर माझं वाक्य उलट सौम्यच आहे.

तू काय पाहिलंस तेवढं लिही. तुझं नाव कुठे येणार नाही.

धाकटा


६ मार्च

प्रिय खारू,

तुझं पत्र येऊन पडलंय. रोज लिहायला बसते आणि उठते. आज उठणार नाही.

बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. ते झोपलेही नव्हते. ढोलवाला खरं बोलला.

काचघराच्या आतल्या भिंतीवर पितळी चाक होतं, आठवतं का? ते फिरवलं की साखळी ओढली जायची आणि छताच्या काचा रांगेने वर उचलल्या जायच्या. उन्हाळ्यात दहाला अर्ध्या आणि बाराला पूर्ण उघडायच्या. त्या वर्षी बाबांनी ते काम मला शिकवलं. सुट्टीच्या दिवसांत ते माझंच होतं. घरच्या माणसाने बागेच्या कामाला हात लावायचा नाही असा नियम होता, पण कलमांच्या दिवसांत बाबांना वाफे सोडता येत नसत, आणि मला त्या चाकाचं वेड होतं. अठरा फेरे. माझ्या हातात आहे हे सगळं, असं वाटायचं.

त्या दिवशी दहाला मी निघाले आणि वाटेत चौथऱ्यावर बँडची तालीम लागली. क्लॅरिनेटवर नवीन चाल बसवत होते. चुकायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, एकदा पूर्ण ऐकून जाऊ. कुणी मुलगा नव्हता रे. लोकांना तसलंच काहीतरी वाटतं, म्हणून सांगते. नुसती चाल होती. मी पायरीवर बसले आणि विसरले. चाक, काच, ऊन, सगळंच विसरले. आठवलं तेव्हा दोन वाजून गेले होते.

दार उघडलं तर उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. शिजलेल्या पाल्याचा वास होता. टोपल्यांतले नेचे ओल्या फडक्यांसारखे लोंबत होते. मधल्या मोठ्याची पानं काळी पडून खोडाला चिकटली होती. मी ओरडले नाही. बाबांनाही बोलावलं नाही. ते आपणच आले, नेहमीप्रमाणे चपला बाहेर काढून. त्यांनी एक पान हातात घेतलं, ते हातातच मोडलं. मग चाकापाशी जाऊन अठराच्या अठरा फेरे फिरवले. काही उपयोग नव्हता, तरी फिरवले. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आज इथे आलीच नव्हतीस. कळलं?"

मी मान हलवली. तेवढंच माझं उत्तर.

विसरलो म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, कारण एकोणीस वर्षांत ते काही विसरले नव्हते. म्हणून झोप. बाकीचं लोकांनी जोडलं. आईला माहीत होतं. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्या खोल्यांमध्ये ती खोकायची तेव्हा मला वाटायचं, एकदा बोलली तर बरं.

आता खरं अवघड सांगते. बाबा शेवटी माझ्याकडे होते. तू एक दिवस आलास. खिडकीपाशी उभा राहून तू त्यांना म्हणालास, "त्या दुपारी तुम्ही जागे राहिला असतात, तर आई आज असती." मी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पांघरुणावरची बोटं जरा हलवली. नको, म्हणून.

मी गप्प राहिले. वीस वर्षं स्वतःला सांगत आले की मी त्यांचं ऐकलं. खरं म्हणजे त्यांचं ते "नको" मला सोयीचं होतं. शेहेचाळीस वर्षांची बाई होते मी, घरदार होतं, मुलगी लग्नाची होती. तोंड उघडायला काय झालं होतं मला? त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले. तू आलास, माणसांत मागे उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. तेव्हाही सांगितलं नाही.

हवं ते छाप. माझं नाव घालून छाप.

ताई


११ एप्रिल

प्रिय खारू,

महिना झाला. पत्र मिळालं का, एवढंच कळव. पोस्टावर सगळं ढकलता येतं, म्हणून विचारते. शिव्या दिल्यास तरी चालेल, कोऱ्या कागदावर सही करून पाठवलीस तरी चालेल.

ताई


३० मे

ती. ताईस,

दोन्ही पत्रं मिळाली. पोस्टाचा दोष नाही.

मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात तुला क्षमा केली होती, ते वाचून माझं मलाच खोटं वाटलं. तिसऱ्यात नुसते प्रश्न होते. चौथं नीट होतं, म्हणूनच फाडलं.

मधल्या काळात मी रोज बागेत गेलो. तिकिटं देणाऱ्याला वाटलं, म्हातारा स्मरणिकेसाठी फारच कष्ट घेतोय. मी आपला बाकावर बसून हिशेब लावायचो की कुणी काय केलं. तू एक चाल ऐकत बसलीस. चौदा वर्षांच्या मुलीने तेवढं करावं, त्यासाठीच तर तो चौथरा बांधला होता. तिथे माझी तक्रार नाही. गठ्ठाभर कागद घेऊन बसलो तरी तिथे मला खूण करायला जागा सापडत नाही.

तुझं पुढचं गप्प राहणं मात्र मला अजून गिळता येत नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. आपल्या दोघांचेही फार दिवस राहिलेले नाहीत, तरी घाईने "झालं गेलं" असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट तुझ्या पत्रात चुकली आहे आणि ती दुरुस्त करणं माझं काम आहे. त्या दिवशी खिडकीपाशी जे वाक्य बोललं गेलं ते तू माझ्या तोंडात घातलेलं नव्हतंस. ते माझं होतं. मी ते गाडीत बसून जुळवत आलो होतो, चांगलं टोकदार करून. बाबा खरंच झोपले असते, अगदी पिऊन पडले असते, तरी मरायला टेकलेल्या माणसाला तसं बोलायचं नसतं. एवढं कळायला चौकशीचे कागद लागत नाहीत. त्याचा भार तू घेऊ नकोस. तो घेतलास तर मला उभं राहायला जागाच उरणार नाही.

स्मरणिका छापून झाली. काचघराविषयी दोन ओळी आहेत: बाबांनी एकोणीस वर्षं तो संग्रह वाढवला, आणि एका उन्हाळ्यात तो गेला. अध्यक्षांनी विचारलं, कशाने गेला ते नाही का लिहायचं? मी म्हटलं, ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते पटलं नाही, पण छापखाना थांबत नव्हता.

आता माझं एक काम कर. त्या दिवशी मी खोलीतून तडक निघालो. मी गेल्यावर बाबा काही बोलले का? बोलले असतील तर जसं असेल तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही सोडू नकोस, काही घालू नकोस.

धाकटा


८ जून

प्रिय खारू,

विचारलंस म्हणून सांगते. सोडत नाही, घालत नाही.

तू जिना उतरलास तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. बाबांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मला वाटलं, आता तुझ्याबद्दल बोलतील. मला तर ते हवंही होतं. ते चिडले असते, रडले असते, तर मी तिथल्या तिथे तुझ्यामागे धावत आले असते, असं मला आजही वाटतं. खरं-खोटं देव जाणे.

ते म्हणाले, "तो जेवून गेला ना?"

तू पाण्याच्या घोटालाही थांबला नव्हतास. तुझं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "हो, जेवला."

"पोटभर?"

"पोटभर," मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, काय काय होतं, आणि मी पलंगाशी बसून एकेक पदार्थ सांगत गेले. तू काय दुसऱ्यांदा मागून घेतलंस, काय नको म्हणालास, तेसुद्धा. घरात त्या दिवशी नव्हतं तेही सांगितलं. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "लांबचा प्रवास आहे. जेवून गेला ते बरं झालं." आणि त्यांना झोप लागली.

त्या दुपारबद्दल मी जे खोटं वागले त्याची शिक्षा तू देशील ती मला मान्य आहे. हे दुसरं खोटं मात्र मी पुन्हा बोलले असते.

ताई